गाडीचें वळण

मोटारगाडीच्या पुढल्या चाकांच्या रचनेविषयींचें कोणतेंही पाठ्यपुस्तक उघडलें, तर ‘ॲकरमनचा नियम’ हे शब्द त्यांत लवकरच भेटतात. कारखान्यांतला रेखाकार, गॅरेजांतला कारागीर आणि घरच्या पडवींत हौसेनें स्वतःची गाडी जुळवीत बसलेला तरुण, या तिघांच्याही तोंडीं तें नांव सारखेंच असतें. परंतु त्या नांवाचा माग काढीत गेलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. रूडॉल्फ ॲकरमन यानें हा नियम शोधून काढला नाहीं. ज्यानें ती रचना सिद्ध केली, त्याचें नांव ग्रंथांच्या कोपऱ्यांत पडून राहिलें. त्याच्याही आधीं सुमारें साठ वर्षें जो गृहस्थ तीच युक्ति योजून इंग्लंडांतल्या खडबडीत रस्त्यांवरून हिंडत होता, त्याची कीर्ति निराळ्याच कारणांनीं झाली. आणि आज त्या नियमाचें जें रूप सर्वत्र शिकविलें जातें, तें पॅरिसच्या एका गाड्या बांधणाऱ्याच्या हातचें आहे. एका यांत्रिक युक्तीस इतके जनक असावे आणि नांव मात्र तिच्या विक्रीची खटपट करणाऱ्याचें पडावें, ही हकीकत मनोरंजक आहेच. पण ती नुसती मनोरंजक नव्हे. आजही जो कोणी स्वतःच्या हातानें गाडी बांधूं पाहतो, त्याला या सर्वांच्या अडचणी त्याच क्रमानें पुन्हा भेटतात. आणि त्या त्यानें ओळखल्या नाहींत, तर त्याची शिक्षा त्याला एकट्यालाच होते असें नाहीं.

आपल्याकडील बैलगाडीला हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं. तिला चाकें दोन, आणि दोन्ही आपापल्या परीनें आंसावर मोकळीं फिरणारीं. बैल वळले कीं जूं वळतें, जूं वळलें कीं दांडी वळते आणि दांडीबरोबर सगळी गाडी वळते. अडचण उत्पन्न होते ती गाडीला चार चाकें लावल्यावर. मागलीं दोन चाकें एका बाजूस जाऊं पाहतात व पुढलीं दुसऱ्या बाजूस, आणि यांचें सख्य कसें जमवावें हें ठरवावें लागतें. युरोपांत यावर शतकानुशतकें एकच तोडगा चालत होता. पुढला संपूर्ण आंस मधोमध एका खिळ्यावर बसवावयाचा आणि घोडे ज्या बाजूस जातील त्या बाजूस तो सबंध फिरूं द्यावयाचा. मुंबईच्या ज्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ सालीं तेथील उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविल्या, त्यांचीं पुढलीं चाकें मागल्या चाकांहून लहान कां असत, याचें उत्तर या तोडग्यांत आहे. आंस फिरला म्हणजे चाक गाडीच्या पोटाखालीं शिरतें. तें मोठें असेल तर पोटाला घासेल.

या रचनेचे दोष दोन, आणि दोन्ही गंभीर. आंस जसजसा फिरतो, तसतसा गाडीचा पुढला आधार अरुंद होत जातो. नेमकी वळणावर, जेव्हां तोल जाण्याचें भय सर्वांत अधिक, तेव्हांच गाडी जवळजवळ तिपाईसारखी उभी असते. दुसरा दोष असा कीं, एका चाकास दगड लागला तर त्याचा धक्का आंसाच्या अर्ध्या लांबीच्या तरफेनें मधल्या खिळ्याभोंवतीं फिरतो. हा धक्का घोड्यांच्या अंगावर जात असे तोंवर माणसानें तो सोसला, म्हणजे वस्तुतः घोड्यांनीं सोसला. पुढें तो माणसाच्या मनगटावर यावयाचा होता.

पहिला दोष ज्याला प्रथम खुपला तो एक वैद्य होता. एरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादाच्या प्रसिद्ध पुरस्कर्त्याचा आजा, हा लिचफील्ड येथें वैद्यकी करीत असे. रोगी गांवोगांव विखुरलेले, रस्ते वाईट, आणि वैद्यबुवांचा देह चांगलाच स्थूल. तेव्हां गाडी उलटणें ही त्याला केवळ कल्पनेंतली गोष्ट नव्हती. १७५८ च्या सुमारास त्यानें असा विचार केला कीं, आंस फिरविण्याची गरजच काय? आंस जागच्या जागीं स्थिर राहूं द्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येक चाक स्वतंत्र खुंटीवर वळवावें. म्हणजे चाकें वळलीं तरी त्यांच्या टेकण्याच्या जागा फारशा हलणार नाहींत. त्यानें ही रचना स्वतःच्या गाडीवर वापरली, पण तिचें पेटंट मात्र घेतलें नाहीं. यंत्रें विकणारा म्हणून नांव झालें तर वैद्य म्हणून असलेली प्रतिष्ठा जाईल, अशी त्याला धास्ती होती. गाड्यांच्या या नादाची किंमत त्याला द्यावी लागली. १७६८ सालीं स्वतःच रचलेल्या एका गाडीतून तो फेंकला गेला व त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. त्यानंतर तो जन्मभर किंचित् लंगडत चाले.

पुढें सुमारें साठ वर्षांनीं म्यूनिक येथील दरबारी गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यानें हीच कल्पना स्वतंत्रपणें सिद्ध केली. साल १८१६. त्याला इंग्लंडांत पेटंट हवें होतें, आणि त्यासाठीं त्यानें लंडनमधील आपला एक देशबंधु गांठला. हा रूडॉल्फ ॲकरमन होय. सॅक्सनींत जन्मलेला, मुळांत खोगीर व गाड्यांचीं कामें शिकलेला हा मनुष्य लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर चित्रांचें व छापील पुस्तकांचें मोठें दुकान चालवीत असे. नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ त्यानेंच रेखिला होता. सुबक छपाईचा प्रकाशक म्हणून त्याची कीर्ति मोठी आहे व ती योग्यही आहे. १८१८ सालीं त्यानें लांकेनस्पेर्गरचा प्रतिनिधि म्हणून पेटंट घेतलें. कागदावर नांव त्याचें होतें, आणि इतिहास बहुधा कागदच वाचतो.

तथापि इंग्लंडांतल्या गाडीवाल्यांनीं ही रचना उचलून धरली नाहीं. त्यांना दोष देण्यापूर्वीं त्यांची बाजूही पाहिली पाहिजे. घोड्यांच्या गाडीस तिचा उपयोग मर्यादित होता. सांधे वाढत, खर्च वाढे, आणि मधल्या खिळ्याची जुनी गाडी कोणत्याही खेड्यांतल्या लोहाराला दुरुस्त करतां येई. युक्ति योग्य होती, पण तिची वेळ आलेली नव्हती. ती वेळ घोडा गेल्यावर आली.

घोडा गेला म्हणजे गाडी वळविण्याचें काम सारथ्याच्या हातावर आलें. फ्रान्सांतील ल मां या शहरीं घंटा ओतण्याचा धंदा करणाऱ्या आमेदे बोले यानें १८७३ सालीं ‘ओबेइसांत’, म्हणजे ‘आज्ञाधारक’, या नांवाची वाफेची गाडी बांधली. नांव अन्वर्थक होतें. पुढलीं दोन्ही चाकें स्वतंत्र खुंट्यांवर वळत, आणि आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळावें अशी योजना त्यानें सांखळीच्या विशिष्ट आकाराच्या चक्रांनीं केली होती. १८७५ च्या ऑक्टोबरांत तो या गाडीनें ल मांहून पॅरिसला सुमारें अठरा तासांत पोंचला. मग १८७८ सालीं पॅरिसच्या शार्ल झांतो यानें चक्रें व सांखळ्या बाजूस सारून तेंच काम केवळ दोन तिरक्या हातांनीं व एका आडव्या दांड्यानें करून दाखविलें. आजच्या पुस्तकांतली ‘ॲकरमनची’ चौकट ती हीच.

आतां हा नियम आहे तरी काय? गाडी वळते तेव्हां तिचीं चारही चाकें एकाच मध्यबिंदूभोंवतीं लहानमोठ्या वर्तुळांवरून चालतात. मागलीं चाकें वळत नसल्यामुळें तो बिंदु मागल्या आंसाच्या रेषेंतच कोठेंतरी असला पाहिजे. पुढल्या प्रत्येक चाकाच्या धुरीची रेषा वाढविली तर तीही त्याच बिंदूंतून गेली पाहिजे. आंतलें चाक त्या बिंदूच्या जवळ, म्हणून त्यानें अधिक वळावयाचें. बाहेरचें दूर, म्हणून त्यानें कमी. समजा, पुढल्या व मागल्या आंसांमधलें अंतर २·४ मीटर आहे आणि पुढल्या दोन खुंट्यांमधलें १·२ मीटर आहे. आंतलें चाक ३० अंश वळलें, तर बाहेरच्यानें सुमारें २४ अंशच वळलें पाहिजे. दोन्हीं सारखींच वळलीं, तर त्यांतलें एक फरफटत जाणार. झांतोची युक्ति अशी कीं, चाकाच्या खुंटीपासून मागें येणारे दोन हात सरळ न ठेवतां आंत कलते ठेवावे. इतके कलते कीं, त्यांच्या रेषा वाढविल्या असतां त्या मागल्या आंसाच्या मध्यावर मिळाव्या. वरच्या उदाहरणांत हा कल सुमारें १४ अंशांचा होतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चार दांड्यांची ही चौकट गणिताची अट सर्वत्र पुरी करीत नाहीं. गाडी सरळ असतांना, आणि दोन्ही बाजूंच्या एकेका विशिष्ट कोनावर, असें तीनच ठिकाणीं ती तंतोतंत खरी असते. इतरत्र थोडी चूक राहते. झांतोचें श्रेय हें कीं, ती चूक व्यवहारांत सोसण्याइतकी लहान आहे आणि ती चौकट कोणत्याही भट्टीवर घडवितां येते.

कार्ल बेंझची गोष्ट याच संदर्भांत आठवते. १८८६ सालीं त्यानें पेटंट घेतलेली मोटारगाडी तीन चाकांची कां होती? चार चाकांच्या गाडीस समाधानकारकपणें वळविण्याची रीत त्याला साधलेली नव्हती, म्हणून. इंजिन, विजेची ठिणगी, पट्टा व सांखळी हे सगळे प्रश्न सुटले; पण हा राहिला, म्हणून त्यानें एक चाकच गाळून टाकलें! तो सुटल्यावर १८९३ सालीं त्यानें त्या रचनेचें पेटंट घेतलें, आणि त्याच सालीं त्याची चार चाकांची गाडी निघाली. डार्विनपासून मोजलें तर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं तीच युक्ति पुन्हा नव्यानें जन्मली.

येथवरचा इतिहास कागदावरचा, म्हणजे सपाट भूमितीचा झाला. पण रस्ता कागदासारखा सपाट नसतो. चाकें नुसतीं वळत नाहींत. तीं वर-खालींही होतात. जोंवर पुढला आंस एकसंध लोखंडी तुळईचा होता व ती तुळई पाट्यांवर बसविलेली होती, तोंवर दोन चाकांमधला आडवा दांडा त्या तुळईबरोबरच वर-खालीं होई, आणि झांतोची चौकट अबाधित राही. १९२० नंतरच्या दशकांत कमी दाबाचे फुगीर टायर आले, पुढल्या चाकांना ब्रेक आले, वेग वाढला. आणि मग तुळईचा आंस बंड करूं लागला. चाक हा एक फिरता भोंवरा आहे. फिरत्या भोंवऱ्याचा आंस एका बाजूस कलवूं गेलें तर तो भलत्याच दिशेनें वळतो. एक चाक खड्ड्यांतून वर आलें कीं तुळई कलते. तुळई कलली कीं दोन्ही चाकें भोंवऱ्याच्या धर्मानें वळूं पाहतात. आणि हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे पुढलीं चाकें थरथर कांपत राहतात. स्टिअरिंग हातांत धरणाऱ्याचीं मनगटें यांतून सुटत नसत.

उपाय एकच दिसत होता, तो म्हणजे तुळई तोडून प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वर-खालीं होऊं देणें. इटालींत व्हिन्चेंझो लान्चिया यानें १९२२ च्या ‘लॅम्डा’ गाडींत चाकें उभ्या खांबांवर सरकतीं ठेविलीं. जर्मनींत १९३३ सालच्या मर्सिडिझ ३८० मध्यें प्रत्येक चाकास एकावर एक अशा दोन भुजा आल्या. अमेरिकेंत, रोल्स-रॉइसमधून १९३० सालीं कॅडिलॅककडे गेलेला इंग्रज इंजिनिअर मॉरिस ऑली यानें या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९३४ पासून जनरल मोटर्सच्या कांहीं गाड्यांत वरची भुजा आंखूड व खालची लांब अशी रचना सर्रास दिसूं लागली.

मात्र तुळई तुटतांच झांतोच्या चौकटीचा पायाच काढून घेतला गेला. आतां चाक ज्या चापावरून वर चढतें तो चाप भुजांच्या लांबीनें ठरतो. आणि त्याच चाकास वळविणारा टायरॉड ज्या चापावरून वर चढतो तो टायरॉडच्या लांबीनें ठरतो. हे दोन चाप जुळले नाहींत, तर सारथ्यानें स्टिअरिंग स्थिर धरलें असतांही चाक आपोआप वळतें. अगदीं सोपें उदाहरण घेऊं. दोन्ही भुजा सारख्या, समांतर व आडव्या, प्रत्येकी ३०० मिलीमीटर लांब. टायरॉड ६०० मिलीमीटर. चाक खड्ड्यामुळें ६० मिलीमीटर वर उचललें गेलें. भुजेचें टोक सुमारें ६ मिलीमीटर आंत येतें, टायरॉडचें सुमारें ३. हा तीन मिलीमीटरांचा तंटा चाकाच्या १२० मिलीमीटर लांबीच्या हातावर पडतो, आणि चाक जवळजवळ दीड अंश वळतें. दीड अंश म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल. पण ताशीं ऐशीं मैलांच्या वेगानें जाणाऱ्या गाडीचें एक चाक प्रत्येक उंचवट्यावर धन्यास न विचारतां दीड अंश वळूं लागलें, तर तिला आज्ञाधारक म्हणवणार नाहीं.

यावरचा नियमही भूमितीचाच आहे. समोरून पाहतां वरच्या व खालच्या भुजांच्या रेषा वाढवाव्या. त्या जेथें मिळतील त्याच बिंदूकडे टायरॉडची रेषा गेली पाहिजे, आणि टायरॉडचा आंतला सांधा भुजांच्या आंतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेशीं जुळला पाहिजे. म्हणजे स्टिअरिंगची रचना आतां वेगळी करतां येत नाहीं. ती भुजांबरोबरच जन्मास यावी लागते.

कारखान्यांत हें काम शंभर माणसें मिळून करतात. पण या इतिहासाचीं अत्यंत जिवंत पानें लिहिलीं आहेत तीं एकट्या-दुकट्यांनीं, मोडक्या गाड्यांच्या अवशेषांतून. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ सालीं, इंग्लंडांत सर्बिटन येथील गॅरेजवाले चार्ल्स कूपर व त्यांचा मुलगा जॉन यांनीं फियाट टोपोलिनो या छोट्या गाडीचे दोन पुढले भाग घेतले आणि ते पाठीला पाठ लावून जोडले. पुढें एक, मागें एक. मधें सारथी, त्याच्या पाठीमागें मोटारसायकलचें ५०० सी.सी.चें इंजिन. फियाटच्या इंजिनिअरांनीं जुळविलेल्या भुजा व पाटे त्यांनीं जसेच्या तसे ठेवले, यांतच त्यांचें शहाणपण होतें. त्या ओबडधोबड गाडीच्या वंशजांनीं १९५९ व १९६० सालीं जॅक ब्रॅबॅम यास जगज्जेता केलें.

कॉलिन चॅपमननें १९४८ सालीं जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली लोटस उभारली. त्याच्या पुढल्या लोटस सिक्समध्यें फोर्डच्या पुढल्या आंसाची तुळई मधोमध कापून दोन अर्धे बिजागरीसारखे झुलते ठेविले होते. तुळई कापण्याची ही रीत लेस्ली बॅलमी यानें आधींच रूढ केली होती. ती स्वस्त होती. पण तुळई कापली कीं आडवा दांडाही त्याच हिशेबानें विभागावा लागतो, हें ज्याला उमगलें नाहीं त्याची गाडी प्रत्येक उंचवट्यावर रस्ता हुंगीत चाले. सुटे भाग विकत घेऊन घरीं गाडी जुळविली तर खरेदीकर लागत नसे, यामुळें इंग्लंडांत असे कारागीर शेंकड्यांनीं निपजले.

अमेरिकेंतल्या हौशी लोकांचा मार्ग निराळा. जुन्या फोर्डच्या देहास ते १९७४ नंतरच्या मस्टँग टूची पुढली सबंध रचना बसवितात. ती आटोपशीर आहे. पण जुन्या गाडीच्या रुंदीशीं जुळावी म्हणून मधला भाग कमीअधिक केला आणि स्टिअरिंगचा रॅक मात्र पूर्वीचाच ठेवला, तर टायरॉडचे आंतले सांधे भुजांच्या रेषेबाहेर पडतात आणि वर सांगितलेला तंटा उभा राहतो. कांहीं जण जागा मिळावी म्हणून चाकाचे हात मागच्याऐवजीं पुढें येतील असे डाव्या-उजव्या भागांची अदलाबदल करून बसवितात. तेव्हां झांतोचा आंत कललेला हात पुढेंही आंतच कलतो. वस्तुतः पुढें असतांना तो बाहेर कलावयास हवा. परिणामीं नियम उलटा होतो, आंतलें चाक कमी वळतें, बाहेरचें अधिक. वाहन चालतें, वळतेंही. फक्त प्रत्येक वळणावर आपल्याच चाकांशीं भांडत वळतें.

यावर शर्यतीच्या गाड्यांचा दाखला देऊन कोणी म्हणेल कीं, तेथें चाकें समांतर किंवा उलट क्रमानेंही वळवितात. तें खरें आहे. वेगांत टायर रस्त्यावर थोडा तिरका सरकतच चालतो, आणि वजन बाहेरच्या चाकावर पडल्यामुळें बाहेरच्याचा कोन अधिक मोलाचा ठरतो. लांकेनस्पेर्गरचा नियम मंद गतीचा नियम आहे. पण ज्यानें तो मोडावयाचा त्यानें मोजून मोडला पाहिजे. न कळत मोडणारास या दाखल्याचा आधार घेतां येणार नाहीं.

आपल्या देशांत २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध वाहनांत फेरफार करण्यास मनाई असल्याचा निर्वाळा दिला आहे. पुष्कळ हौशी तरुणांना तो जाचक वाटतो. त्यांच्या हौसेविषयीं माझ्या मनांत अनादर नाहीं. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी स्पर्धांसाठीं स्वतः गाड्या घडवितात, त्यांच्या हातून उद्यांचें ज्ञान निर्माण होईल अशी आशा आहे. परंतु सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे. डार्विननें स्वतःची वाटी फोडून घेतली. समोरून येणाऱ्या सायकलस्वाराची नव्हे.

म्हणून ज्याला गाडी बांधावयाची असेल त्यानें एक जुनी, बिनखर्चाची कसोटी आधीं लावावी. पुढली स्प्रिंग काढून ठेवावी, स्टिअरिंग बांधून टाकावें, आणि चाक जॅकनें अर्धा-अर्धा इंच वर उचलीत न्यावें. चाकाच्या तबकडीवर एक सपाट फळी बांधून तिच्या पुढल्या व मागल्या टोकांचें एका स्थिर रेषेपासून अंतर दर वेळीं मोजावें व कागदावर मांडावें. दोन्ही अंतरें बरोबरीनें बदलत असतील, तर भुजांचा व टायरॉडचा समेट झाला. तीं एकमेकांपासून फुटूं लागलीं, तर रॅक थोडा वर किंवा खालीं घेऊन पुन्हा मोजावें. या कामास एक दुपार लागते. लांकेनस्पेर्गर, बोले व झांतो यांनीं जें ज्ञान वर्षानुवर्षें खपून मिळविलें, त्याचें ऋण फेडावयास ती फार नाहीं.